मायक्रोफायबर टॉवेल धुताना एवढं सांभाळा

नवे टॉवेल घेतलेत, छान! सुरुवातीला मोजक्याच गोष्टी पाळा.

सगळ्यात महत्त्वाचं: फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. हे कापड पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या अतिशय बारीक धाग्यांचं असतं. धूळ आणि पाणी धरून ठेवतात ते या धाग्यांमधल्या फटी. सॉफ्टनरचा थर बसला की त्या बुजतात, मग टॉवेल पाणी टिपायच्या ऐवजी नुसतं पसरवतो. टॉवेल खराब निघाला अशी तक्रार ऐकली, की मी आधी सॉफ्टनरबद्दलच विचारतो. ब्लीचही नकोच.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे सुती कपड्यांबरोबर धुणं. सुताचा भुगा या धाग्यांत असा अडकतो की निघता निघत नाही, आणि पुढच्या वेळी तोच काचेवर उतरतो. म्हणून यांची वेगळी खेप लावा.

बाकी थोडक्यात:
- नवा टॉवेल वापरण्याआधी एकदा धुवा, सुटे धागे आणि जादा रंग निघून जातो.
- कोमट पाणी, साधारण ४० अंशांपर्यंत. लिक्विड डिटर्जंट, तेही थोडंच.
- सावलीत वाळवा. ड्रायर असेल तर सर्वांत कमी उष्णतेवर. इस्त्री कधीच नाही, धागे वितळतात.
- गाडीची चाकं पुसायचे टॉवेल गाडीच्या रंगावर वापरू नका. धुऊनही बारीक खडे राहतात आणि ओरखडे पडतात.

जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन), विणीचे प्रकार वगैरे सध्या बाजूला ठेवा. आधी दोन-तीन धुण्या अशा होऊ द्या, मग त्यावर बोलू.