निजामाबादच्या बिलावर 9+9 दिसलं की पैसे थांबवा

देगलूरच्या भाऊंची पोस्ट वाचली आणि माझं डोकं परत तापलं. नवीन पाईप-हार्डवेअरचं दुकान, माल तेलंगणातल्या निजामाबादहून, बिलावर 9 टक्के सीजीएसटी (केंद्राचा) अन 9 टक्के एसजीएसटी (राज्याचा), आणि आता 2बी मध्ये (जीएसटी पोर्टलवर येणारी खरेदीच्या बिलांची यादी) ते सगळं 'आयटीसी नॉट अव्हेलेबल' खाली, म्हणजे खरेदीवर दिलेला टॅक्स आपल्या टॅक्समधून वजा (क्रेडिट) मिळणार नाही त्यात, जाऊन पडलंय, वर विचारताय की दर महिन्याला टॅक्ससाठी किती बाजूला काढू. माझं उदगीरला दुकान, माल हाच, फक्त गाडी हैदराबादहून यायची. रजिस्ट्रेशन-रिटर्न तुमचा माणूस बघतोय म्हणालात म्हणून त्यात शिरत नाही. आणि मी सीए नाही, दुकानदार आहे, तेवढं धरून वाचा.

किती बाजूला काढायचं हे नंतरचं. आधी तो 18 टक्के गेलाय कुठल्या राज्यात ते बघा. निजामाबादवाल्यानं लावलेल्या एसजीएसटीचं क्रेडिट महाराष्ट्राच्या जीएसटी नंबरला मिळत नाही, आणि बऱ्याच जणांना वाटतं सीजीएसटी तर केंद्राचा आहे, तो तरी मिळेल, तर तो पण मिळत नाही. माल राज्याची हद्द ओलांडून तुमच्या दुकानात उतरणार असेल तर बिलावर एकच ओळ पाहिजे, आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीचा टॅक्स) 18 टक्के. तुम्हाला द्यावे लागतात तेवढेच पैसे, पण क्रेडिट येतं.

आता हिशोब बघा. 1,00,000 चा माल, वर 18,000 टॅक्स. तुम्ही 10 टक्के मार्जिन ठेवून 1,10,000 ला विकला, वर गिऱ्हाईकाकडून 19,800 घेतले. क्रेडिट आलं तर सरकारला 1,800 भरायचे, 10,000 तुमचे. नाही आलं तर 19,800 पूर्ण भरायचे, म्हणजे मार्जिनचे 10,000 गेले आणि वर 8,000 घरचे. माल विकून! त्यात दुकानभाडं अन पोराचा पगार धरलाच नाही.

माझ्याकडं जे झालं ते सांगतो, नाव घेत नाही. हैदराबादच्या ज्या मोठ्या डिस्ट्रिब्युटरकडून माल घ्यायचो त्यांच्या बिलिंग ऑफिसनं माझी सगळी बिलं लोकल म्हणून (म्हणजे 9+9) काढली, कारण काय तर गाडी मी पाठवली होती. ई-वे बिलावर (गाडीसोबतचा माल वाहतुकीचा कागद) डिलिव्हरीचा पत्ता उदगीर, त्याच मालाच्या बिलावर प्लेस ऑफ सप्लाय (पुरवठा कुठल्या राज्यात धरायचा ते) तेलंगणा, दोन्ही कागद एकाच प्रिंटरमधून निघालेले, एकाच पिनला टोचलेले. कायद्यात तर गाडी विकणाऱ्याची का घेणाऱ्याची हे बघतच नाहीत, डिलिव्हरीसाठी माल शेवटी कुठं थांबला ते बघतात. (माल तिथंच काउंटरवर ताब्यात घेतला तर काय यावर जाणकारांत वाद आहेत, पण ई-वे बिल तुमच्या गावाचं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे.) फोन केला की अकाउंटवाल्याकडं देतो, अकाउंटवाला म्हणणार सिस्टीम असंच घेते, मग म्हणणार तुमच्या सीएला बोलायला लावा, सीएनं केला की साहेब मीटिंगमध्ये. आर्थिक वर्ष सरलं तरी तेच.

हे लोक का टाळतात ते पण कळून घ्या. त्यांनी चुकीच्या खात्यात टॅक्स भरलेला असतो, दुरुस्त करायचं तर आधी आयजीएसटी भरावा लागतो आणि मग जुन्या भरण्याचा रिफंड मागावा लागतो. त्याला व्याज लागत नाही आणि आयजीएसटी भरल्यापासून 2 वर्षं मुदत असते, म्हणजे त्यांचं काही बुडत नाही, फक्त पैसे अडकतात आणि कागद करावे लागतात. ते कष्ट नकोत म्हणून तुमचं बुडू द्यायचं, असा सरळ व्यवहार आहे हा. शेवटी माझं बुडालंच.

म्हणून माझं मत, कुणाला पटो न पटो: बाहेरच्या राज्यातल्या नव्या पार्टीला मालाची रक्कम द्या, टॅक्सची रक्कम पुढच्या महिन्याच्या 14 तारखेपर्यंत अडवा. 14 ला 2बी येतो, त्यात बिल बरोबर रकान्यात दिसलं की उरलेले त्याच दिवशी टाका. कुरकुर करतील. करू द्या. फक्त 180 दिवसांच्या पुढं लटकवू नका, नाहीतर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. मी आता बराचसा माल लातूरहूनच उचलतो, थोडा महाग पडतो, पण झोप लागते.

आता बाजूला काढायचं. आपल्याकडं खरा घोळ उधारीचा. "सोयाबीन इकलं की देतो मालक" म्हणून पाईप घेऊन जातात, पण टॅक्स बिलाच्या तारखेनं लागतो, पैसे मिळाल्याच्या नाही. टॅक्स भरायची 20 तारीख सोयाबीनसाठी थांबत नाही, उशीर झाला की वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज. त्यामुळं उधारी द्या पण टॅक्सपुरती रक्कम रोख घ्या, ओळखीचा असला तरी. गल्ल्यातून रोज टॅक्स काढून वेगळ्या खात्यात टाकायचा, आणि काढताना गणित सरळ करा, 11,800 च्या विक्रीत टॅक्स 1,800 असतो, 11,800 चे 18 टक्के काढत बसू नका. क्रेडिट वजा न करता पूर्ण टाका, वरचे राहिले तर पुढच्या मालाला होतात. तीन महिन्यांचं रिटर्न घेतलं असेल तर जास्तच सांभाळा, पहिल्या दोन महिन्यांचे पैसे 25 तारखेला भरावेच लागतात आणि लोक ते विसरतात.

अजून एक, मदनूरकडचा शेतकरी तुमच्या दुकानात येऊन पंप घेतो ना, बिलावर त्याचा तेलंगणाचा पत्ता लिहिला की ती आंतरराज्य विक्री होते, त्याच्याकडं जीएसटी नंबर नसला तरी. हा नियम ऑक्टोबर 2023 पासूनचा आहे. कंपोझिशनचा, म्हणजे लहान दुकानदारांसाठीच्या ठोक टक्क्याच्या स्कीमचा, विचार करत असाल (1 टक्का ऐकायला गोड वाटतो) तर हे आधी बघा, त्यात बाहेरच्या राज्यात विक्री चालत नाही. आणि हैदराबादला लॉजवर राहिलात तर त्या बिलाचं क्रेडिट पण मिळत नाही, तो सरळ खर्चात धरा.

तुमची बिलं याच आर्थिक वर्षातली दिसतात, म्हणजे निजामाबादवाल्यांना दुरुस्तीला हे आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या 30 नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे, पण त्यांनी वार्षिक रिटर्न आधी भरलं तर तिथंच संपलं. आजच ईमेल टाका, बिल अन ई-वे बिल दोन्ही जोडून. फोनवर बोलत बसू नका.