गोळे फुटतात, सूप गढूळ होतं: चिकन गोळ्यांच्या सूपबद्दल तुमचे प्रश्न

विश्रामबाग, सांगलीहून: ताई, चिकन खिम्याचे गोळे सूपमध्ये सोडले की निम्मे फुटतात. अंडं घातलं, ब्रेडचा चुरा घातला, तरी तेच. काय चुकतंय?

अंडं-ब्रेड राहू दे बाजूला, आधी सांगा खिमा आणल्यावर धुता का? आपल्याकडे बहुतेक घरात धुतातच आणि ते पाणी मग खिम्यातून काही केल्या निघत नाही, चाळणीत तासभर ठेवा नाहीतर पिळा. त्यापेक्षा तंगडीचं बोनलेस आणा, छातीचं नको, त्याचे गोळे कोरडे होतात. फडक्यानं टिपून घ्या, तुकडे करून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग मिक्सरला फिरवा.

अर्धा किलोला सव्वा छोटा चमचा मीठ, आणि ते पहिल्यांदाच घालायचं, कारण मिठानंच मांसातलं प्रोटीन सुटतं आणि खिमा चिकट होतो, गोळा धरून ठेवणारा गोंद तोच. मीठ घालून चार-पाच मिनिटं एकाच दिशेनं फेटत रहा, मधेच तीन मोठे चमचे बर्फाचं पाणी थोडं थोडं करून. (धुतलेल्या खिम्याचं पाणी नको आणि हे कसं चालतं? मीठ लागल्यावर खिमा पाणी पिऊन घेतो, आधी नाही.) हात उताणा केला तरी खिमा तळव्याला चिकटून राहिला पाहिजे, तोवर थांबू नका. खिमा गरम झाला की सगळं बिघडतं, तसं वाटलं तर भांडं पुन्हा फ्रीजमध्ये.

इंडोनेशियात असे गोळे गाड्यांवर मिळतात, बाक्सो म्हणतात, बहुतेक बीफचे असतात आणि त्यात टॅपिओकाचं स्टार्च घालतात, म्हणजे आपला साबुदाणा ज्याचा होतो तेच. तुम्ही दोन चमचे साबुदाणा मिक्सरला बारीक करून चाळून घाला. आलं किसून, मिरी, पातीच्या कांद्याचा फक्त हिरवा भाग. साधा कांदा घालूच नका, पाणी सोडतो.

मूठ आवळून अंगठ्याजवळून गोळा वर आणायचा, ओल्या चमच्यानं उचलायचा आणि गरम पाण्यात सोडायचा, पण पाणी खळखळत नको, बारीक बुडबुडे येतील इतकंच. आधी एकच सोडून बघा, मीठही कळतं. वर तरंगला की अजून तीन मिनिटं, मग एक कापून बघा, आत गुलाबी दिसायला नको.

मिरजेहून: सूप स्वच्छ का होत नाही? आमचं रश्श्यासारखं गढूळ होतं.

कुकरच्या शिट्ट्यांमुळं. शिट्टी झाली की आतलं पाणी उसळतं, चरबी नि मळी सगळी ढवळली जाते. हाडं आधी पाच मिनिटं उकळून ते पाणी फेकून द्या, मग ताजं पाणी, गॅसवर भाजलेलं आलं आणि कांदा. प्रेशर आलं की आच एकदम मंद, अर्धा तास, पुढं शिट्टी होऊ द्यायची नाही आणि कुकर आपोआप गार होऊ द्यायचा. आपण मटणाचं अळणी सूप करतो तसंच आहे हे, फक्त हळद नको. हळद घातलेलं सूपही इंडोनेशियात असतं, सोतो म्हणतात, फार छान लागतं, पण ते वेगळं.

इस्लामपूरहून: लेमनग्रास, फिश सॉस इथं मिळत नाही. काय घालू?

लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहाच हो! फक्त चहाला पातं घेतो, इथं मुळाजवळचा पांढरट जाड दांडा घ्यायचा, बत्त्यानं ठेचून सूपमध्ये टाकायचा आणि शेवटी काढायचा. फिश सॉसला बाजारातला सुका जवळा मूठभर घ्या, कोरडा भाजून, फडक्यात पुरचुंडी बांधून सूपमध्ये सोडा. तंतोतंत तोच वास येणार नाही, पण समुद्राची चव येते, आणि चीन-थायलंडमध्येही सुकी कोळंबी अशी वापरतातच. वर एक चमचा सोया सॉस. तो खारट असतो, म्हणून मीठ चाखूनच घाला.

तासगावहून: पाहुणे उशिरा आले की नूडल्सचा लगदा होतो.

नूडल्स सूपमध्ये शिजवूच नका. वेगळ्या उकडा, गार पाण्यातून काढा, थोडं तेल लावून ठेवा. पाहुणे पाटावर बसले की वाडग्यात नूडल्स, वर गोळे, मग उकळतं सूप ओता, कोथिंबीर नि लिंबू पिळून लगेच द्या.