सकाळी गाडी सुरू केल्यावर इंजिनाचा मोठा आवाज येतो, हा दोष समजावा का?

आपण विचारले आहे की, काही महिन्यांपूर्वी घेतलेली आपली पेट्रोल गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर मिनिटभर मोठ्याने गुरगुरते, बॉनेटजवळ टिकटिक ऐकू येते आणि थोड्या वेळाने सगळे शांत होते. जुन्या गाडीत असे कधी होत नसे, तेव्हा हा इंजिनाचा दोष आहे का? आपल्या वर्णनावरून मला तो दोष वाटत नाही. मात्र ‘गरम झाल्यावर आवाज जातो ना, मग काळजी नको’ असे जे सर्रास सांगितले जाते, तेही पुरेसे नाही. म्हणून दुरुस्तीच्या कामात रोज जे ऐकतो आणि पाहतो, त्याच्या आधारे थोडे सविस्तर लिहितो.

आधी गुरगुरण्याविषयी. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला, विषारी वायू निवळवणारा कॅटालिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय आपले काम नीट करू शकत नाही, आणि तोवर इंजिनातून निघणारे विषारी वायू जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडतात. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसे हा सुरुवातीचा काळ शक्य तितका कमी करणे कंपन्यांना भाग पडले. त्यामुळे गाडी थंड असताना इंजिनाचा संगणक मुद्दाम दोन गोष्टी करतो: आरपीएम (इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे) १२०० ते १५०० पर्यंत, काही गाड्यांत त्याहूनही वर ठेवतो आणि स्पार्क प्लगची ठिणगी नेहमीपेक्षा उशिरा पाडतो. ठिणगी उशिरा पडली की इंधनाच्या उष्णतेचा मोठा भाग पिस्टनला ढकलण्यात खर्च न होता थेट एक्झॉस्टमध्ये जातो आणि कन्व्हर्टर लवकर तापतो. त्याची किंमत म्हणून सायलेन्सरचा आवाज पोकळ व घोगरा होतो आणि स्टिअरिंगला किंचित थरथर जाणवते.

हे आपल्याला स्वतः पडताळून पाहता येईल. उद्या सकाळी गाडी सुरू केल्यावर एक्सिलरेटरला पाय न लावता आरपीएमच्या काट्यावर नजर ठेवा. अर्ध्या ते एक-दोन मिनिटांत काटा खाली येऊ लागेल आणि ७०० ते ८००च्या आसपास स्थिरावेल. त्याच क्षणी आवाजाचा पोतही बदललेला ऐकू येईल. काट्याचे उतरणे आणि आवाजाचे निवळणे एकाच वेळी घडत असेल, तर आपण जे ऐकत होतात ते कन्व्हर्टर तापवण्याचे काम होते, असे मी निःशंकपणे सांगेन. काही गाड्यांत याच कामासाठी एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारा छोटा विजेचा पंपही असतो आणि तो तेवढा वेळ व्हॅक्यूम क्लीनरसारखा घोंघावतो.

टिकटिकीचे कारण वेगळे आहे. जुन्या पेट्रोल गाड्यांत इंधन साधारण ३ ते ४ बार (बार म्हणजे जवळपास हवेच्या नेहमीच्या दाबाइतका दाब) दाबाने सिलिंडरच्या बाहेर, इनटेकच्या नळीत फवारले जाई. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत ते थेट सिलिंडरमध्ये फवारतात आणि त्यासाठी दाब २०० बार, काही इंजिनांत ३५० बारपर्यंत लागतो. इतका दाब तयार करणारा पंप कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) चालतो व खटखटतो, शिवाय प्रत्येक इंजेक्टर उघडताना आणि बंद होताना बारीक ‘टिक’ करतो. इंजिन थंड असताना एका फेरीत इंधन दोन-तीन टप्प्यांत फवारले जात असेल, तर टिकटिक आणखी दाट होते. हा आवाज गाडी गरम झाल्यावरही पूर्णपणे जात नाही. बॉनेट उघडून उभे राहिल्यास तो ऐकू येतो, आणि त्यात वावगे काही नाही. आपली जुनी गाडी पहिल्या प्रकारची असेल, तर आपल्याला जाणवलेला फरक बहुतांशी येथेच आहे.

दुसरी टिकटिक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांची. अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि या भागांमधली फट ऑइलच्या दाबाने आपोआप भरून काढली जाते. गाडी रात्रभर उभी राहिली की हे ऑइल काही अंशी निथळून खाली जाते आणि सुरू केल्यावर ते पुन्हा वर पोहोचेपर्यंत काही सेकंद टकटक होते. ऑइल फिल्टरमधील परतझडप निकामी किंवा निकृष्ट असेल, तर फिल्टरही रिकामा होतो व हा काळ लांबतो; म्हणून फिल्टरच्या बाबतीत काटकसर करू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ऑइलची श्रेणीही पुस्तिकेत दिलेलीच वापरावी, कारण ५डब्ल्यू-३० अशा श्रेणीतील पहिला आकडा हा ऑइल थंडीत किती सहज वाहते याचाच असतो.

पिस्टनचाही उल्लेख करायला हवा. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे लोखंडी लायनरमध्ये बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पिस्टनभोवती थंड असताना किंचित जास्त फट ठेवावी लागते. हल्लीच्या पिस्टनचा खालचा भाग (स्कर्ट) आखूड असल्याने तो थोडा डुगडुगतो आणि मंद ठकठक ऐकू येते, ती काही मिनिटांत विरते. डिझेल गाडीत थंडपणी येणारी खडखड आणखी ठळक असते, कारण थंड हवेत फवारलेले डिझेल पेट घ्यायला किंचित वेळ घेते आणि मग साठलेले इंधन एकदम जळते. सुरू करण्यापूर्वी मागच्या सीटखालून येणारी दोन सेकंदांची घूंऽऽ ही इंधन पंपाची, तर दमट हवेत पहिल्या क्षणी होणारी बेल्टची चिरचिर सहसा ओलाव्याची असते. ती रोजच होऊ लागली तर मात्र बेल्ट आणि त्याचा ताण तपासून घ्यावा.

आता ज्या आवाजांबद्दल मी सावध करू इच्छितो ते. पहिला टायमिंग चेनचा, म्हणजे कॅमशाफ्ट इंजिनाच्या फेऱ्यांशी जुळवून फिरवणाऱ्या साखळीचा. सेल्फ मारल्याबरोबर एक-दोन सेकंद साखळी आपटल्यासारखी खरखर होते आणि लगेच थांबते, कारण तोवर टेन्शनरमध्ये (साखळी ताणून धरणाऱ्या भागात) ऑइलचा दाब आलेला असतो. लवकर थांबते म्हणून लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. कधीतरी, गाडी बरेच दिवस उभी राहिल्यावर, ती एखाद्या वेळी झाली तर ठीक. पण दररोज होऊ लागली किंवा आठवड्यागणिक लांबत चालली, तर टेन्शनर, चेन किंवा कॅमशाफ्टची वेळ बदलणारा गियर झिजत असण्याची शक्यता असते, आणि चेनने दाते सोडले तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून संपूर्ण हेड उतरवण्याची वेळ येते. दुसरा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळ्यांच्या, गळतीचा. गॅस्केट फाटली किंवा बोल्ट तुटला की थंड असताना फटफट टिकटिक होते, आणि धातू तापून फट बुजली की आवाज गायब होतो. हे दोन्ही आवाज जातात, दोष मात्र राहतो. याउलट, गरम झाल्यावरही कायम राहणारा आणि एक्सिलरेटर दाबला की वाढणारा खोल धडधड आवाज, किंवा आवाजासोबत पेटून राहिलेला ऑइलचा लाल दिवा, यांत वाट पाहूच नये. गाडी तिथेच बंद करावी.

गाडी ‘गरम करण्यासाठी’ ती दहा मिनिटे जागीच चालू ठेवण्याची किंवा रेस देण्याची गरज नाही. अर्धा मिनिट थांबून, पहिले काही किलोमीटर आरपीएम फार न चढवता चालवावी; जागेवर उभ्या गाडीपेक्षा हलक्या भाराखाली इंजिन लवकर तापते. थेट फवारणीच्या इंजिनात थंडपणी दीर्घकाळ जागेवर चालू ठेवल्याने पेट्रोल ऑइलमध्ये उतरण्याचाही धोका असतो. तापमानाचा काटा कूलंटचे तापमान दाखवतो, आणि ऑइल त्याहून उशिरा तापते, हेही ध्यानात असू द्यावे.

आपल्या मनात तरीही शंका राहिली, तर ऑइलची पातळी आधी स्वतः पाहून घ्या आणि मग मोबाईलवर चित्रफीत काढा: रात्रभर उभी असलेली गाडी, सेल्फ मारण्याच्या आधीपासून पुढची दोन मिनिटे, आरपीएमचा काटा दिसेल अशी, दुसरी बॉनेट उघडून. वर्कशॉपमध्ये गाडी चालवत नेली की ती पोहोचेपर्यंत गरम होते, आवाज येत नाही आणि जॉबकार्डवर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी तिथे ठेवावी, सकाळी आपल्यासमोरच सुरू करायला लावावी आणि आवाजाचे वर्णन जॉबकार्डवर लिहून घ्यावे, म्हणजे पुढे तो वाढला तरी वॉरंटीच्या मुदतीत केलेली तक्रार नोंदलेली राहील.