राजीनाम्याची घाई नको, मुखत्यारपत्राची मात्र करा

आपल्या ५१ वर्षांच्या पतींना एचआयव्हीचे निदान उशिरा झाले, औषधे सुरू होऊन पाच महिने झाले आणि या संसर्गामुळे स्मृतिभ्रंश झाल्याचे डॉक्टर सांगतात, असे आपण कळवले आहे. कर्जाचे हप्ते चुकतात, एकच बिल दोनदा भरले जाते. म्हणून त्यांनी नोकरी सोडून सारी पुंजी आजन्म उत्पन्न देणाऱ्या, मध्येच मोडता न येणाऱ्या योजनेत घालावी का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते, आत्ता घालू नये.

अल्झायमरमध्ये उतरण अटळ धरूनच नियोजन करावे लागते. इथे तसे नाही. एचआयव्ही सहसा चेतापेशींत थेट शिरत नाही. तो मेंदूतील रोगप्रतिकारक पेशींत ठाण मांडतो आणि त्यातून होणाऱ्या दाहाने चेतापेशींची हानी होते. विषाणू औषधांनी दाबला गेला की अनेक रुग्णांची बुद्धी काही प्रमाणात सावरते. १९९६ च्या सुमारास संयुक्त औषधोपचार रूढ झाल्यापासून या आजाराचे तीव्र रूप बरेच विरळ झाले आहे. सुधारणा होईलच, अशी खात्री मी देऊ शकत नाही, पण चित्र स्पष्ट होण्याआधी परतीचा मार्ग बंद करणे मला महाग वाटते. राजीनाम्याऐवजी वैद्यकीय रजा घ्यावी, कारण नोकरीशी जोडलेले अपंगत्व विम्याचे संरक्षण राजीनाम्यासोबत संपू शकते. ते असल्यास त्याच्या अटी आधी वाचाव्यात.

मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र मात्र या आठवड्यातच हाती घ्यावे. बिलात चूक करणाऱ्या माणसालाही आपला कारभार कोणाच्या हाती द्यावा हे नीट कळत असू शकते. ते त्यांना कळते, असा डॉक्टरांचा लेखी दाखला सहीच्याच दिवसाचा असावा, म्हणजे पुढे नातेवाइकांच्या हरकतीला फारसा आधार उरणार नाही. साधे मुखत्यारपत्र, ते देणाऱ्याची समज गेल्यावर, अनेक ठिकाणी निष्प्रभ ठरते, म्हणून त्यानंतरही टिकणारी तरतूद आपल्या कायद्यात आहे का, हे वकिलांना स्पष्ट विचारावे. कारभार कोणाच्या हाती द्यावा हे पतींना समजतच नसेल, तर सही घेऊ नये; न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याचा लांबचा रस्ता धरावा लागेल.

तोवर हप्ते खात्यातून आपोआप जातील अशी सोय करावी, मोठ्या व्यवहाराला दोन सह्या लागतील असे पाहावे आणि पतींकडे खर्चाचे एक छोटे खाते राहू द्यावे. औषधांचा खर्च सर्वांत आधी बाजूला काढावा, कारण औषधात खंड पडला तर विषाणू पुन्हा उसळतो. वर्षभराने बुद्धिक्षमतेची चाचणी पुन्हा झाली की तिचा अहवाल घेऊन या. आजन्म योजनेत पुंजीचा किती भाग घालायचा, ते तेव्हा ठरवू.