बेसबॉलच्या इतिहासातला सगळ्यात विचित्र आणि कायम लक्षात राहणारा क्षण कोणता?

बेसबॉलमध्ये विचित्र प्रसंगांना तोटा नाही. 1951 साली सेंट लुईस ब्राउन्सने जेमतेम साडेतीन फूट उंचीच्या एडी गेडेलला पाठीवर 1/8 असा नंबर लावून खऱ्याखुऱ्या सामन्यात बॅटिंगला पाठवलं होतं. 2001 मध्ये रँडी जॉन्सनने टाकलेल्या चेंडूच्या वाटेत एक होला आला आणि क्षणात हवेत नुसती पिसं उडाली. हे किस्से लोक चवीने सांगतात. पण मला विचाराल तर पहिलं नाव हार्वे हॅडिक्सचं, तारीख 26 मे 1959, ठिकाण मिलवॉकी.

त्यासाठी ‘परफेक्ट गेम’ म्हणजे काय ते आधी सांगतो. सामना 9 इनिंगचा, दर इनिंगला तीन आउट, म्हणजे 27 बॅटर. यातल्या एकालाही पहिल्या बेसवर, म्हणजे धाव पुरी करायला गाठाव्या लागणाऱ्या चार टप्प्यांपैकी पहिल्यावर, पोचू द्यायचं नाही. हिट (चेंडू मारून बेस गाठणं) चालत नाही, वॉक (चार चेंडू बाहेर पडले की मिळणारा फुकटचा बेस) चालत नाही, आणि आपल्या फील्डरच्या हातून चूक होऊन कुणी बेसवर पोचला तरी खेळ खल्लास. क्रिकेटमध्ये डावात दहा बळी घेणाऱ्याला मधे चार चौकार बसले तरी त्याचे दहा बळी दहाच राहतात. इथे तेवढीही सवलत नाही. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च स्तरावर, 1880 पासून 2023 पर्यंत असं फक्त 24 वेळा घडलं आहे.

हॅडिक्स पिट्सबर्ग पायरेट्सचा डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा), वय 33, अंगाने लहानखुरा. त्या दिवशी अंगात फ्लूची कणकण होती. समोर मिलवॉकी ब्रेव्ह्ज, म्हणजे हँक एरन, एडी मॅथ्यूज अशी एकाहून एक माणसं. 1957 ची वर्ल्ड सिरीज जिंकलेला संघ. हॅडिक्सने एकेक इनिंग तीन आले, तीन गेले अशी संपवली. नऊ इनिंग झाल्या, 27 चे 27 बॅटर परतले. इतर कुठल्याही दिवशी खांद्यावर घेऊन मिरवला असता. पण पायरेट्सचीही धाव झाली नव्हती, आणि बेसबॉलमध्ये सामना बरोबरीत सोडत नाहीत. खेळ चालूच.

खरं तर पायरेट्सना हिट मिळत होत्या. लू बर्डेट या ब्रेव्ह्जच्या पिचरला त्यांनी 13 इनिंगमध्ये 12 हिट मारल्या, धाव मात्र शून्य. तिसऱ्या इनिंगमध्ये तर तीन हिट मिळाल्या, पण एक रनर उगाच तिसऱ्या बेसकडे धावला आणि आउट झाला. तो थांबला असता तर बहुधा ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

दहावी, अकरावी, बारावी. लागोपाठ 36 बॅटर आउट. नऊच्या पुढे परफेक्ट राहिलेला पिचर त्याआधी कुणी पाहिला नव्हता.

तेराव्या इनिंगला फेलिक्स मँटियाने तिसऱ्या बेसकडे साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारा फटका, मारला. डॉन होकने उचलला, पण पहिल्या बेसवर थ्रो वाकडा गेला. परफेक्ट गेम संपला, तोही दुसऱ्याच्या चुकीने. मॅथ्यूजने बंट करून, म्हणजे चेंडू बॅटने हलकेच टेकवून, मँटियाला दुसऱ्या बेसवर ढकललं. एरनला मुद्दाम वॉक दिला. मग जो अ‍ॅडकॉक आला आणि त्याने चेंडू कुंपणापलीकडे भिरकावला. हॅडिक्सला बसलेली ती रात्रीतली पहिली हिट.

विचित्रपणा इथेही थांबत नाही. चेंडू कुंपणाच्या आतच पडला, मँटियाची धाव झाली, सामना संपला, असं एरनला वाटलं. तो दुसऱ्या बेसनंतर वळला आणि थेट डगआउटकडे, म्हणजे संघाच्या बाकांकडे, निघाला. मागून धावत येणारा अ‍ॅडकॉक त्याच्या पुढे गेला. पुढच्या रनरला ओलांडलं की आउट! त्यामुळे 3-0 वाटलेला सामना शेवटी लीगच्या अध्यक्षांनी 1-0 ठरवला आणि अ‍ॅडकॉकच्या खात्यात होमरनऐवजी, म्हणजे चारही बेसऐवजी, फक्त दोन बेसची डबल लागली.

1991 मध्ये मेजर लीगने ‘नो-हिटर’ची व्याख्या कडक केली: जादा इनिंग धरून संपूर्ण सामन्यात एकही हिट नसेल तरच. परफेक्ट गेमही आधी नो-हिटर असावा लागतो. त्यामुळे हॅडिक्सचं नाव यादीतून गेलं. व्याख्या म्हणून ते बरोबर असेल, पण 36 बॅटर सलग आउट करणाऱ्याला यादीत जागा नाही आणि 27 वाल्यांना आहे, हे मला अजून पचत नाही.

दुसरा प्रसंग यालाच जोडून सांगायला हवा. 2 जून 2010, डेट्रॉइट. काही आठवड्यांपूर्वीच मायनर लीग या खालच्या स्तरातून वर आलेल्या अरमांडो गालारागाने क्लीव्हलंडचे 26 बॅटर आउट केले होते. सत्ताविसाव्या जेसन डोनल्डने ग्राउंडर मारला, मिगेल काब्रेराने थ्रो केला, गालारागाने स्वतः पहिल्या बेसवर पाय ठेवून तो झेलला. डोनल्ड स्पष्ट मागे होता. अंपायर जिम जॉइसने हात पसरले: सेफ. मैदानात गदारोळ. गालारागा फक्त हसला, परत माउंडवर, पिचरच्या जागेवर, गेला आणि पुढच्या बॅटरला आउट करून सामना जिंकून दिला.

सामन्यानंतर जॉइसने रिप्ले पाहिला आणि सरळ पत्रकारांसमोर आपली चूक कबूल केली. दुसऱ्या दिवशी तोच होम प्लेटवर, म्हणजे बॅटरच्या मागे उभा राहणारा, अंपायर होता. सामन्याआधी संघाची यादी मॅनेजरऐवजी गालारागा घेऊन आला. जॉइस डोळे पुसत होता. त्याने कागद घेतला आणि गालारागाला हलकेच थोपटलं. ती चित्रफीत जरूर बघा. त्याच महिन्यात ईएसपीएन या क्रीडावाहिनीने खेळाडूंना सर्वोत्तम अंपायर कोण असं विचारलं, तेव्हा सर्वाधिक मतं जॉइसलाच पडली.

मेजर लीगचे कमिशनर, म्हणजे प्रमुख, बड सीलिग यांनी निर्णय फिरवला नाही. 2014 पासून अशा निर्णयांना रिप्लेची सोय झाली, पण गालारागाच्या नावापुढची ती एक हिट तशीच आहे. ती काढावी असं माझं ठाम मत आहे. पुढचा बॅटर आउटच झाला होता, स्कोअर 3-0 होता. दुरुस्ती केली तर सामन्याच्या निकालाला धक्का लागत नाही.