नव्या आशाताईंना : तांबीविषयी बोलताना

ताई, पाळणा लांबवण्याचा विषय बाळंतपण झाल्यावर नव्हे, तर सातव्या-आठव्या महिन्यातील तपासणीच्या वेळीच काढावा, कारण तांबी, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात बसवायची कॉपर-टी, प्रसूतीनंतर 48 तासांच्या आत बसवता येते आणि ती वेळ हुकली तर साधारण 6 आठवडे थांबावे लागते. सरकारी रुग्णालयात ती मोफत बसवतात. 380ए प्रकारची 10 वर्षे चालते, 375 प्रकारची 5 वर्षे.

मात्र ‘काहीच त्रास होत नाही’ असे कधीही सांगू नका. पहिले 3 ते 6 महिने पाळीत अंगावरून जास्त जाऊ शकते, पोटात कळा येऊ शकतात. हे आधी ठाऊक असलेली बाई घाबरून तांबी काढायला धावत नाही. ‘तांबी काळजापर्यंत चढते’ ही भीती बहुधा सासूबाईंनाही असते, म्हणून त्यांच्यादेखतच नमुन्याची तांबी तळहातावर ठेवून गर्भाशयाचे चित्र दाखवावे.

निर्णय तिचाच असावा. दडपण आणणे मला मुळीच मान्य नाही. तिने काढायची म्हटली, तर टाळाटाळ न करता आरोग्य केंद्रात तिच्यासोबत जावे. तांबी काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात. ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन थांबवल्यावर मात्र काही महिने लागतात, हे लवकर दुसरे मूल हवे असणारीला आधीच सांगावे.