पेपर सोपा गेला, मग गुण कुठे गेले?

प्रश्न: ताई, मी पुण्यात अभ्यासिकेत बसून यूपीएससी पूर्वपरीक्षेची तयारी करते. परवाच्या सराव पेपरात 80 प्रश्न सोडवले. 65 तरी बरोबर येतील अशी खात्री होती, आले 48. दर वेळी असंच होतं. स्वतःबद्दलची माझी सगळीच मतं अशी चुकीची असतील का? हे तपासता येतं का?

उत्तर: तपासता येतं, आणि तुला ते तपासावंसं वाटलं याचा मला फार आनंद झाला.

आधी हिशेब. तुझ्या अंदाजाने 120 गुण व्हायला हवे होते. प्रत्येक प्रश्न 2 गुणांचा. 32 उत्तरं चुकली, प्रत्येकी त्या 2 गुणांचा एक तृतीयांश, म्हणजे 0.67 गुण कापले गेले आणि हाती आले 74.67. अभ्यास तेवढाच होता, अंदाज फुगला होता. नोट्स वारंवार वाचल्या की पान ओळखीचं होतं आणि मन त्यालाच 'येतंय' समजतं. नेल्सन आणि डनलॉस्की या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये दाखवलं, की पाठ केल्या केल्या 'हे आठवेल का' असं विचारलं तर अंदाज चुकतो. मध्ये थोडा वेळ जाऊ दिला तर तो बराच नेमका येतो. म्हणून आज वाचलेलं उद्या सकाळी, वही मिटून, स्वतःला विचार.

पुढच्या पेपरात प्रत्येक उत्तराशेजारी पेनाने खात्रीचा आकडा लिही: 100, 75, 50 किंवा 25. दोन पर्याय कटले तर 50, निव्वळ ठोकताळा असेल तर 25. उत्तरतालिका पाहिल्यावर आकड्याला हात लावायचा नाही. तेव्हा प्रत्येकाला 'हे तर येत होतं' असंच वाटतं. मग आकड्यांप्रमाणे गट पाड. 75 च्या गटातल्या 20 पैकी 15 बरोबर हवेत. 10 च आले, तर तुझं 75 म्हणजे खरं 50. एका पेपरावर निकाल लावू नकोस, गटात 20 च्या खाली प्रश्न असले की नशिबाचा भाग मोठा असतो. चार पेपर साठू दे.

50 चा गट खरोखर निम्मा बरोबर येत असेल, तर ते प्रश्न जरूर सोडव. प्रश्नामागे सरासरी 0.67 गुण मिळतो. पाव भागच बरोबर येत असेल तर फायदा शून्य.

बाकीच्या मतांचं म्हणशील, तर पेपरावरून ती मोडीत काढू नकोस. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांच्या 2010 च्या अभ्यासात आपली चिंता, अस्वस्थता आपल्यालाच जास्त नेमकी कळते असं दिसलं; बुद्धीबाबत मात्र मित्रमैत्रिणींचा अंदाज सरस ठरला. तेव्हा तुझं उत्तर किती पटण्यासारखं आहे, हे अभ्यासिकेतल्या मैत्रिणीला विचार. धीर सुटतोय का, हे तुझं तूच ठरव.